गाभोळीची किंमत

पावसाळ्याच्या तोंडावर मासळीबाजारात एक शब्द वारंवार कानावर पडतो, तो म्हणजे गाभोळी. ‘ताई, गाभोळीची आहे, घेऊन जा,’ असे कोळीण म्हणाली की गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजायला तयार होते. कोकणात पहिल्या पावसात ओढ्यांतून आणि भातखाचरांतून वर चढणाऱ्या चढणीच्या माशांच्या पोटातही हाच ऐवज असतो. तव्यावर परतलेली गाभोळी आपण आवडीने खातो. पण ती माशाच्या पोटात आली कुठून, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. रोहू-कटल्यासारख्या माशाची पूर्ण वाढलेली मादी घेतली, तर तिच्या वजनाचा पाचवा हिस्सा नुसत्या अंड्यांचा असू शकतो. काही आठवड्यांत एवढा माल शरीरात तयार होतो, तेव्हा त्याची किंमत शरीरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागत असणारच. ती कोण मोजते, आणि मोजण्याचा हुकूम कोण देते?

मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. विच्छेदनाच्या तासाला मासा उघडला की मुलांचे लक्ष आधी अंडाशयाकडे जाई. मी त्यांना शेजारचे यकृत पाहायला सांगत असे. कारण गाभोळीचा खरा कारखाना तिथे आहे. अंड्यातला बलक अंडाशयात बनत नाही, तो यकृतात बनतो. व्यवस्था अशी असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अंडाशयाला निरोप पाठवते. अंडाशय इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक रक्तात सोडते. ते यकृतात पोहोचते आणि तिथे एक जनुक जागे करते. मग यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे मोठे प्रथिन तयार करू लागते. त्याला स्निग्ध पदार्थ आणि फॉस्फरस जोडलेले असतात, शिवाय ते कॅल्शियम धरून ठेवते. हे प्रथिन रक्तातून अंडाशयात येते, अंडी ते शोषून घेतात आणि त्याचा बलक होतो. या काळात मादीचे यकृत मोठे होते, रक्तातले कॅल्शियम वाढते, साठवलेली चरबी उतरू लागते. थोडक्यात, एका संप्रेरकाच्या सांगण्यावरून साऱ्या शरीराचा चयापचय बदलतो.

हे ज्ञान एका दिवसात मिळालेले नाही. त्याच्या इतिहासातल्या तीन कथा आज मला सांगायच्या आहेत. पहिली कॅलिफोर्नियातली, दुसरी आपल्या ओडिशातली आणि तिसरी इंग्लंड-कॅनडातली.

पहिल्या कथेचा नायक मत्स्यशास्त्रज्ञ नव्हता, तर डॉक्टर होता. ऑस्वाल्ड होप रॉबर्टसन हे त्याचे नाव. जन्म १८८६चा, इंग्लंडमधला, पण बालपण कॅलिफोर्नियात गेले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हा तरुण अमेरिकन डॉक्टर फ्रान्समधल्या युद्धआघाडीवर होता. जखमी सैनिक रक्तस्राव होऊन मरत होते आणि ऐन वेळी रक्तदाता शोधायला सवड नव्हती. रॉबर्टसनने सायट्रेट आणि ग्लुकोज मिसळलेले रक्त आधीच बाटल्यांत भरून बर्फाच्या पेट्यांत साठवायला सुरुवात केली. आज ज्याला आपण रक्तपेढी म्हणतो, तिची ही सुरुवात. पुढे ते चीनमध्ये पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर शिकागो विद्यापीठात शिकवत होते. निवृत्तीनंतर ते कॅलिफोर्नियात परतले. एवढ्या कामानंतर माणूस आरामखुर्चीत बसला असता तर कुणी नाव ठेवले नसते. पण रॉबर्टसन यांनी एक नवाच प्रश्न हाती घेतला. पॅसिफिक महासागरातला सॅमन मासा अंडी घातल्यावर का मरतो?

या माशाची जीवनकथा विलक्षण आहे. तो गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि प्रजननासाठी पुन्हा नदीत शिरतो. नदीत शिरला की तो खाणे सोडतो. प्रवाहाविरुद्ध शेकडो किलोमीटर पोहतो. कॅनडातल्या फ्रेझर नदीतून स्टुअर्ट सरोवराकडे जाणारे सॉकाय जातीचे सॅमन हजाराहून अधिक किलोमीटर चढून जातात. १९५९ साली डेव्हिड आयडलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने या प्रवासाचा जमाखर्च मांडला, तेव्हा दिसले की मुक्कामी पोहोचून अंडी घालेपर्यंत मादीने आपली जवळजवळ सगळी चरबी आणि सुमारे निम्मी प्रथिने खर्चून टाकलेली असतात. समुद्रात चंदेरी असलेला हा मासा वाटेत लाल होतो, कारण मांसातले रंगद्रव्य कातडीत आणि अंड्यांत जाते. नराची पाठ उंच होते, जबडा आकड्यासारखा वळतो. पुढे याच आयडलर यांनी सॉकायच्या रक्तातून ११-कीटोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वेगळे केले. माशांतले ते प्रमुख नर-संप्रेरक ठरले. अंडी घालून झाली, नराने त्यांवर शुक्र सोडले, की थोड्याच दिवसांत दोघेही मरतात. नदीकाठी मेलेल्या माशांचा खच पडतो.

बिचारे दमून, उपाशीपोटी मेले, असेच सर्वांना वाटे. वरवर पाहता ते पटण्यासारखेही होते. पण एक अडचण होती. अटलांटिक महासागरातला सॅमनही असाच नदी चढतो, असाच उपास करतो, तरीही त्यातले काही अंडी घालून समुद्रात परत जातात. मग पॅसिफिकचेच सगळे का मरावेत?

रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड वेक्सलर यांनी मेलेल्या आणि मरणाला टेकलेल्या माशांच्या अवयवांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. जठर आणि आतडे आक्रसलेले होते. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे ऊतक झिजलेले होते. रक्तवाहिन्याही बिघडलेल्या होत्या. हे सारे ऱ्हासाकडे निघालेले असताना एकच ऊतक मात्र फोफावले होते. आपल्या अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यभागाचे काम माशात जे ऊतक करते, ते. माशात त्याची स्वतंत्र ग्रंथी नसते, मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात ते विखुरलेले असते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक तिथे तयार होते. १९५७ साली हा शोध प्रसिद्ध झाला. आयुष्यभर माणसांचे आजार पाहिलेल्या डॉक्टरला यातली ओळखीची खूण लगेच दिसली. माणसाच्या शरीरात कॉर्टिसॉल बेसुमार झाले की कुशिंग नावाचा विकार होतो. स्नायू झिजतात, कातडी पातळ होते, रोगप्रतिकारशक्ती ढासळते. सॅमनच्या रक्तातही हे संप्रेरक फार वाढलेले आढळले.

पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. रॉबर्टसन यांनी प्रयोगासाठी जो मासा निवडला त्याचे नाव आहे कोकॅनी. नावावरून कुणाला आपल्या कोकणाची आठवण झाली तर हरकत नाही, पण हा उत्तर अमेरिकेचा मासा. सॉकाय सॅमनचाच हा भाऊबंद, मात्र तो समुद्रात कधी जातच नाही, सरोवरातच वाढतो. त्याला हजार किलोमीटरचा प्रवास नाही की खाऱ्या पाण्यातून गोड्यात येण्याचा त्रास नाही. तरीही साधारण चौथ्या वर्षी प्रजनन करून तो मरतो. म्हणजे दमणुकीचे कारण आपोआपच बाजूला पडले. रॉबर्टसन यांनी कोवळ्या कोकॅनींची वृषणे आणि अंडाशये, त्यांची वाढ सुरू होण्यापूर्वीच, शस्त्रक्रियेने काढून टाकली. १९६१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. बरोबरीचे मासे वयात येऊन मरून गेले, आणि हे मासे जगत राहिले, वाढत राहिले. काही तर आठ वर्षांपर्यंत जगले, म्हणजे ठरल्या आयुष्याच्या दुप्पट.

साखळीतला एक दुवा अजून जोडायचा होता. १९६३ साली रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी उलट दिशेने प्रयोग केला. वयात न आलेल्या रेनबो ट्राउट माशांना त्यांनी कॉर्टिसॉल दिले. प्रजनन नाही, प्रवास नाही, तरी मरणाऱ्या सॅमनच्या अवयवांत दिसणारे बदल या कोवळ्या माशांतही दिसू लागले. आता चित्र स्पष्ट झाले. लैंगिक ग्रंथी जाग्या होतात, त्यांच्यामागोमाग कॉर्टिसॉल वाढते, त्याच्या जोरावर स्नायूंतली प्रथिने मोडून इंधन मिळते, आणि त्यावर अंडी व शुक्र तयार होतात. हे कर्ज इतके मोठे असते की फेडता फेडता शरीरच संपते. १९६६ साली रॉबर्टसन वारले. युद्धात रक्त साठवून माणसे वाचवणाऱ्या या डॉक्टरने उतारवयात एका माशाच्या मरणाचे कारण शोधून काढले. हे मरण वायाही जात नाही. त्या कलेवरांवर अस्वले, पक्षी, कीटक जगतात आणि समुद्रातले नत्र नदीकाठच्या झाडांपर्यंत पोहोचते.

आता दुसऱ्या कथेकडे वळू. ज्या १९५७ साली रॉबर्टसन यांचा तो शोध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी आपल्या देशात माशांच्या संप्रेरकांनी वेगळाच चमत्कार घडवला. रोहू, कटला आणि मृगळ हे आपले प्रमुख कार्प मासे. तळ्यात ते छान वाढतात, माद्यांच्या पोटात गाभोळीही भरते, पण साचलेल्या पाण्यात त्या अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली नदी लागते, पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावे लागे. जाळ्यात हव्या त्या माशाबरोबर नको ती पिल्लेही येत. ज्या गावाजवळ अशी नदी नाही, तिथल्या तळ्याला दूरवरून बीज आणण्यावाचून गत्यंतर नसे.

वाट दक्षिण अमेरिकेतून दिसली होती. अर्जेंटिनाचे बर्नार्दो हुसे यांनी १९३० साली माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून पाहिला होता. पीयूषिका आणि शरीरातली साखर यांच्या संबंधावरील कामासाठी त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी १९३०च्या दशकात ही युक्ती मत्स्यशेतीसाठी वापरली. आपल्याकडे हे तंत्र प्रमुख कार्प माशांवर यशस्वी केले ते डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी. दिवस होता १० जुलै १९५७. ओडिशात, केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या कटक येथील विभागात हे काम झाले. पद्धत अगदी साधी होती. पक्व माशाच्या डोक्यातली पीयूषिका काढायची, तिचा अर्क करायचा आणि तो प्रजननक्षम मादीला व नराला टोचायचा. नदीच्या पुराने जो निरोप द्यायचा, तो सुईने दिला. काही तासांत मादीने अंडी सोडली.

या सुईने काय केले आणि काय केले नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. बलक तयार करण्याचे काम माशाने स्वतःच केले होते. तळ्यातल्या मादीच्या यकृताने इस्ट्रोजेनचे ऐकून गाभोळी आधीच भरून ठेवली होती. अडले होते ते शेवटच्या टप्प्यावर. अंडी पिकून सुटण्यासाठी पीयूषिकेचा जो जोरदार इशारा लागतो, तो वाहत्या पाण्याशिवाय मिळत नव्हता. शास्त्रज्ञांनी निसर्गाची घडी मोडली नाही, तिच्यातला अडलेला एक दुवा तेवढा हलवला. त्यामुळे मासा मेला नाही, उलट तळ्यातच पिढी वाढू लागली. देशभर मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली, शेततळ्याच्या मालकाला जिऱ्यापासून बोटुकलीपर्यंत शुद्ध जातीचे बीज मिळू लागले. पुढे पीयूषिकेच्या अर्काऐवजी कृत्रिम संप्रेरकांची तयार इंजेक्शने आली, पण तत्त्व तेच राहिले. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. बाजारात रोहू-कटला बारमाही दिसतो, त्याच्यामागे हा १९५७ सालचा पावसाळा आहे.

तिसरी कथा मात्र इतकी सुखाची नाही. इथे संप्रेरक दिले गेले, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला ली नदीच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या तळ्यांतले रोच जातीचे काही मासे ना धड नर होते ना धड मादी. शास्त्रज्ञांनी मग एक सोपा उपाय केला. पिंजऱ्यात रेनबो ट्राउट ठेवून ते पिंजरे देशातल्या अनेक केंद्रांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यात सोडले. दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासले, तेव्हा नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन आढळले. म्हणजे गाभोळीचा बलक!

हे कसे झाले? ते जनुक नराच्या यकृतातही असते. फक्त नराच्या शरीरात पुरेसे इस्ट्रोजेन नसते, म्हणून ते आयुष्यभर निजलेले राहते. बाहेरून इस्ट्रोजेन आले की यकृत मालक कोण ते पाहत नाही, हुकूम पाळते. नराला अंडाशय नाही, त्यामुळे हे प्रथिन घेणारे कुणीच नसते. ते रक्तात साचत राहते आणि फार झाले की मूत्रपिंडावर व यकृतावर ताण येतो. १९९४ साली चार्ल्स पर्डम, जॉन सम्प्टर आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष मांडले. १९९८ साली सुझन जॉबलिंग, सम्प्टर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या नद्यांतले रोच तपासून दाखवले की अनेक ठिकाणी नरांच्या वृषणातच अंडी तयार होत आहेत.

पाण्यातला गुन्हेगार कोण, याचाही शोध लागला. एक तर माणसाच्या शरीरातून रोज बाहेर पडणारी नैसर्गिक इस्ट्रोजेने. दुसरे, गर्भनिरोधक गोळ्यांतले इथिनिल इस्ट्राडायोल. हे कृत्रिम संप्रेरक १९३८ साली बर्लिनमध्ये हान्स इनहोफेन आणि वॉल्टर होलवेग यांनी तयार केले. यकृताला ते सहज मोडता येऊ नये अशीच त्याची रचना केली होती. गोळी पोटातून घेता यावी म्हणून तो गुण हवा होता, नदीत पोहोचल्यावर तोच गुण दोष ठरला. तिसरे, नॉनिलफेनॉल. यॉर्कशायरमधल्या एअर नदीकाठी लोकर धुण्याच्या कारखान्यांतून येणाऱ्या पाण्यात ते होते. म्हणजे दोष एकट्या गोळीचा नव्हे. गोळी घेणाऱ्या बाईला बोल लावून सुटण्यासारखे हे प्रकरण नाही.

तरीही एक शंका उरत होती. काही नरांत बिघाड झाला म्हणून माशांची सारी वस्ती धोक्यात येते का? याचे उत्तर कॅनडाने दिले. ऑन्टारियो प्रांतात संशोधनासाठीच राखून ठेवलेली काही सरोवरे आहेत. त्यांतल्या २६० क्रमांकाच्या सरोवरात कॅरेन किड आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे इथिनिल इस्ट्राडायोल मिसळले. प्रमाण किती? लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम. म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात जेमतेम पाच-सहा ग्रॅम. तेवढ्याने फॅटहेड मिनो या लहान माशांच्या नरांत व्हायटेलोजेनिन प्रचंड वाढले, वृषणांची वाढ बिघडली, माद्यांतली अंड्यांची वाढही विस्कटली. अल्पायुषी मासा तो, नवी पिढी आली नाही आणि वस्ती जवळजवळ नाहीशी झाली. २००७ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. लहान मासा संपल्यावर त्याच्यावर जगणाऱ्या मोठ्या ट्राउटचीही उपासमार झाली. दिलासा एकच. संप्रेरक टाकणे थांबवल्यावर काही वर्षांत मिनोंची वस्ती पुन्हा सावरली.

या तीन कथा मी मुद्दाम एकत्र सांगितल्या. तिन्हींत संप्रेरकांचेच राज्य आहे. सॅमनमध्ये त्यांनी शरीर मोडून पुढची पिढी घडवली आणि हजारो वर्षे हा व्यवहार सुरळीत चालला. कटकला योग्य माशाला, योग्य ऋतूत, योग्य टप्प्यावर एक इशारा दिला आणि लाखो तळी भरली. इंग्लंडच्या नदीत तीच भाषा बोलणारी रसायने वेळीअवेळी, नर-मादी न पाहता, बारा महिने येत राहिली आणि गाभोळीची किंमत अशा माशांनी मोजली, ज्यांना गाभोळी कधी येणारच नव्हती.

युरोपीय संघाने २००३ साली कायदा करून २००५ पासून नॉनिलफेनॉलयुक्त मालावर कडक निर्बंध घातले, आणि २०१५ साली इथिनिल इस्ट्राडायोल पाण्यातल्या लक्ष ठेवण्याच्या पदार्थांच्या यादीत घेतले. सांडपाण्यावर ओझोन किंवा सक्रियित कोळशाची प्रक्रिया केली तर ही द्रव्ये बरीच कमी होतात, हेही सिद्ध झाले आहे. ती प्रक्रिया खर्चाची आहे. आपल्याकडे तर शहरांचे पुष्कळसे सांडपाणी साध्या प्रक्रियेविनाच नदीत सोडले जाते. त्याच नद्यांच्या पाण्यावर आपली धरणे भरतात, धरणांत मासेमारीचे ठेके दिले जातात आणि पहिल्या पावसात चढणीचे मासेही त्याच पाण्यातून वर येतात.

नदी स्वच्छ आहे की नाही, हे आपण पाण्याचा रंग आणि वास यांवरून ठरवतो. ली नदीचे ते पाणी दिसायला स्वच्छच होते. त्यातला बिघाड सांगितला तो एका माशाच्या यकृताने, आणि त्याच्याकडे लक्ष वेधले ते काठावर गळ टाकून बसलेल्या साध्या माणसांनी. आपल्या नद्यांकाठी जाळे टाकणारे भोई आणि कोळी रोज मासे चिरतात, त्यांच्या नजरेतून फारसे काही सुटत नाही. एखाद्या वर्षी गाभोळी कमी का भरली, नर वेगळे का दिसतात, असे ते बोलू लागले तर ते ऐकून घेणारी, माशाचे रक्त तपासून उत्तर देणारी एखादी प्रयोगशाळा प्रत्येक खोऱ्यात असायला हवी. रक्तातले एक प्रथिन मोजायचे, एवढेच तर काम आहे.